या चुका टाळा: रक्ताची नळी म्हणजे बांगडा नव्हे

प्रतिकारपेशी वेगळ्या करायचं काम बहुतेक वेळा पेशी निवडणाऱ्या मशीनपर्यंत (सॉर्टर) पोचायच्या आधीच बिघडतं, थर्मोकोलच्या डब्यात. कोकणात बर्फ म्हणजे ताजेपणा, ही सवय अंगात मुरलेली. सावंतवाडीहून रात्रीच्या गाडीने मुंबईला निघालेल्या हेपॅरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या) रक्तनळ्या बर्फात पुरलेल्या येतात. सकाळी फिकॉलवर, म्हणजे घनतेनुसार पेशी वेगळ्या करणाऱ्या द्रवावर, चढवून फिरवल्या की प्लाझ्माखाली प्रतिकारपेशींचं दुधी, रेखीव कडं दिसायला हवं. तिथे जाड, लालसर, धूसर थर दिसतो. रक्त गारठलं किंवा शिळं झालं की न्यूट्रोफिल्सची (नको असलेल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची) घनता घटते आणि तळाशी जायच्या त्या पेशी कड्यातच राहतात. त्यात फिकॉलही गार असेल तर ते जड होतं, तांबड्या पेशी नीट एकत्र येऊन खाली बसत नाहीत. मग पुढे काहीही मोजा, भेसळच मोजली जाते.

जेल पॅक फ्रीझरमधले नकोत. एसी खोलीत रात्रभर 20 अंशांवर ठेवलेले घ्या. रक्त 18 ते 22 अंशांत ठेवा, शक्यतो 8 तासांत फिकॉलवर चढवा. 24 तास उलटले तर नमुना पुन्हा मागवा, 'चालवून घेऊ' नका. आणि रूम टेम्परेचर म्हणजे मे महिन्यातली रत्नागिरीची खोली नव्हे: 33 अंशांना तांबड्या पेशींच्या गुठळ्या पटापट होतात, लिम्फोसाइट्स (आपल्याला हव्या त्या प्रतिकारपेशी) त्यात अडकतात, हाती कमी पेशी लागतात.

सेंट्रिफ्यूज (नळ्या गरगर फिरवणारं यंत्र) 400 जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या 400 पट, 30 मिनिटं, ब्रेक बंद. दहा मिनिटं वाचवायला ब्रेक लावला की कडं विस्कटतं आणि अख्खी सकाळ वाया जाते. ज्याला घाई आहे त्याने त्या दिवशी नळीला हात लावू नये.

दुसरी चूक बीड्स, म्हणजे अँटीबॉडी लावलेले बारीक चुंबकी मणी, निवडतानाची. टी-पेशी (लिम्फोसाइट्सचाच एक प्रकार) सीडी3 या खुणेच्या बीड्सनी धरायच्या आणि लगेच त्यांची सक्रियता तपासायची! सीडी3 हा टी-पेशीच्या रिसेप्टरचाच, म्हणजे इशारा घेणाऱ्या प्रथिनाचाच भाग. अँटीबॉडी तिथे चिकटली की पेशीला इशारा मिळू शकतो. पेशीचं काम बघायचं तर बीड्स बाकीच्या पेशींना लावा, टी-पेशी न छेडता चुंबकात बसवलेल्या कॉलममधून (नळीतून) खाली येऊ द्या. रुग्णाच्याच टी-पेशींपासून बनणाऱ्या नेक्सकार19 या रक्ताच्या कर्करोगावरच्या उपचाराला 2023 मध्ये भारतात मान्यता मिळाली. असे उपचार सुधारायचे तर पेशी मुळात कशा वागतात ते आधी कळायला हवं.

बफरमध्ये (पेशी ज्यात ठेवायच्या त्या द्रावणात) 2 मिलीमोलर ईडीटीए, म्हणजे कॅल्शियम बांधून ठेवणारं रसायन, हवंच, नाहीतर पेशी एकमेकींना चिकटतात. बीड्स लावून 15 मिनिटं फ्रिजमध्ये, बर्फावर नाही. सॉर्टरआधी 40 मायक्रॉनची गाळणी. मेलेल्या पेशी कुठलीही अँटीबॉडी ओढून घेतात, त्या 7-एएडीने (मेलेल्या पेशींनाच रंगवणाऱ्या रंगाने) ओळखून वगळा. गोळा करायच्या नळीत आधी सीरमवालं मीडियम (पेशींचं पोषक द्रव) घाला. शेवटी सॉर्ट झालेल्यांतल्या थोड्या पेशी परत चालवून शुद्धता बघा, मगच मशीन बंद करा.