‘बिकॉज’ की ‘बिकॉज ऑफ’?

इंग्रजीत कारण सांगताना गोंधळ उडाला, तर आधी वाक्य मनात मराठीत म्हणून पाहा. जिथे ‘मुळे’ येतं, तिथे ‘बिकॉज ऑफ’ किंवा ‘ड्यू टू’, आणि पुढे फक्त नाम: ‘बिकॉज ऑफ द रेन’, पावसामुळे. जिथे ‘कारण’ म्हणून पुढे कर्ता-क्रियापदासह पूर्ण वाक्य येतं, तिथे नुसतं ‘बिकॉज’: ‘बिकॉज इट वॉज रेनिंग’. ‘बिकॉज ऑफ इट वॉज रेनिंग’ ही चूक मला सतत दिसते, आणि ती या एका कसोटीने सुटते.

दुसरी सवय आपल्याच भाषेतून येते. मराठीत ‘जरी–तरी’, ‘जर–तर’ अशा जोड्या लागतात, म्हणून इंग्रजीतही ‘बिकॉज’ने सुरू केलेल्या वाक्यात मध्येच ‘सो’ घुसतो. दोन्हींपैकी एकच ठेवा.

‘रिझल्ट इन’ आणि ‘रिझल्ट फ्रॉम’ यांत दिशा उलटी आहे. ‘इन’नंतर परिणाम, ‘फ्रॉम’नंतर कारण. ‘द स्टॉर्म रिझल्टेड इन अ पॉवर कट’ म्हणजे वादळामुळे वीज गेली. ‘द पॉवर कट रिझल्टेड फ्रॉम द स्टॉर्म’चा अर्थही तोच. ‘लीड टू’ हे ‘रिझल्ट इन’सारखंच चालतं, भूतकाळात मात्र ‘लेड टू’.

‘कॉज’ हे क्रियापद जपून वापरा. ते बहुतेकदा नुकसान, उशीर, आजार अशा नको असलेल्या गोष्टींसोबत येतं. यशाबद्दल बोलताना ‘लेड टू सक्सेस’ जास्त सहज वाटतं.