राउटर बिट घेताना आधी दांडी बघा

राउटर म्हणजे लाकडात खाच नि कड मारायचं मशीन, आणि बिट म्हणजे त्यात बसणारं, फिरत कापणारं हत्यार. मुंबईत हत्यारं घ्यायला आम्ही नागदेवी स्ट्रीटला जातो. तिथं काउंटरवर 'सहाचं बिट द्या' एवढंच म्हणू नका. जाणकार दुकानदार लगेच विचारतो, 'मशीन कुठलं?' कारण बिटाला मापं दोन: मशीनच्या कॉलेटमध्ये (बिट धरणाऱ्या पकडीत) जाते ती दांडी, आणि लाकूड कापतं ते पातं. सहाचं म्हणजे यातलं काय, हे आधी सांगायला हवं.

दांडीबाबत मी फार कडक आहे. शिकाऊ मुलांना मी पहिल्याच दिवशी कॅलिपर (जाडी अचूक मोजायचं साधन) हातात देतो. पाव इंच, म्हणजे आपले दोन सूत, हे ६.३५ मिमी भरतं. पाव इंची कॉलेटमध्ये ६ मिमीची दांडी सहज जाते आणि नट आवळला की घट्ट बसल्यासारखीही वाटते. पण पकड अपुरी असते. मिनिटाला पंचवीस-तीस हजार फेऱ्या सुरू झाल्या की बिट सरकत बाहेर येतं, खाच आपोआप खोल होत जाते, आणि वाईट वेळ आली तर बिट सुटून उडतं. १२ मिमी आणि अर्धा इंच (१२.७ मिमी) यांचंही तेच. दांडी तळाला टेकवून आवळायची नाही. टेकली की दोन-तीन मिमी वर घ्यायची, मगच कॉलेट नीट धरतं.

मशीन पाव आणि अर्धा इंची दोन्ही कॉलेट घेत असेल तर जड कामाला अर्धा इंचीच घ्या. जाडी दुप्पट झाली की दांडीचा ताठपणा सोळापट होतो. सागवानात खोल खाच मारताना बिट थरथरत नाही, कड स्वच्छ निघते.

आता पातं. कपाटाच्या फळीसाठी १९ मिमी प्लायची खाच हवी, म्हणून १९ चं बिट घ्यावंसं वाटतं. मी घेत नाही. १९ म्हणून विकलेला प्लाय कॅलिपरवर बरेचदा कमी भरतो, कंपनीगणिक फरक पडतो, आणि आपल्या पावसाळ्यात तो फुगतो ते वेगळंच. मग फळी खाचेत खुळखुळते किंवा शिरतच नाही. त्याऐवजी १२ मिमीचं सरळ बिट घेऊन, मशीन दोनदा चालवून खाच रुंद करा, आधी त्याच प्लायच्या तुकड्यावर बसवून बघा. एका वेळी बिटाच्या व्यासाच्या निम्म्याहून खोल जाऊ नका. पात्याची लांबीही गरजेपुरतीच हवी. १९ च्या प्लायची कड मारायला २५ मिमी पुरते. ५० मिमीचं लांब पातं उगाच वाकतं.

कड गोल करायच्या, म्हणजे गोलाईच्या बिटावरचा आकडा मात्र त्रिज्येचा असतो. १२ मिमी गोलाईचं बिट बेअरिंग (लाकडाला टेकून फिरणारं टोकाचं चाक) धरून व्यासाने ३५ मिमीच्या वर जातं. इथे वेग आडवा येतो. २४,००० फेऱ्यांना १२ मिमी बिटाची धार ताशी सुमारे ५४ किलोमीटरने फिरते, ५० मिमीची मात्र सव्वादोनशेच्या वर. म्हणून २५ मिमीपुढच्या बिटाला वेग उतरवायचा, ५० मिमीला साधारण सोळा-अठरा हजारांवर. बिटाच्या पाकिटावर कमाल वेग छापला असेल तर तोच पाळायचा. वेग कमी-जास्त न होणाऱ्या ट्रिमरला (छोट्या राउटरला) असली मोठी बिटं लावूच नका.

मोठी पेटी घेण्याचा मोह होतो. त्यातली निम्मी बिटं कधी वापरलीच जात नाहीत. सुरुवातीला कार्बाइडच्या (फार कठीण) पात्याची चार पुरेत: ६ आणि १२ मिमीची सरळ, सनमायका छाटायला बेअरिंगचं फ्लश ट्रिम (कडेबरोबर छाटणारं बिट), आणि ६ मिमीची गोलाई. एचएसएस (हायस्पीड स्टील) स्वस्त पडतं, पण प्लायमधल्या गोंदाने त्याची धार लवकर जाते. बोथट बिट लाकूड जाळतं. कडेला काळे डाग दिसले की आधी पात्यावरची राळ साफ करा, तरी डाग राहिले तर बिट बदला.