काचेतलं ऊन सशाच्या कामाचं नाही

माझा धंदा स्लायडिंग खिडक्यांचा. नाशिकला सातपूरमध्ये छोटं वर्कशॉप आहे आणि मापं घ्यायला गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत फिरणं होतं. हल्ली बऱ्याच फ्लॅटमध्ये ससे दिसतात, आणि पिंजरा हमखास बंद काचेला खेटून ठेवलेला असतो. विचारलं की उत्तर ठरलेलं, "ऊन मिळावं म्हणून, दादा." आमच्याही घरात दोन ससे आहेत, पांढरा काजू आणि काळी बिब्बी. त्यामुळे माप घेता घेता मी तिथेच जे सांगत बसतो, तेच इथे लिहितो.

काचेतून उजेड येतो, उकाडा येतो. पण हाडं-दातांना लागणारं ड जीवनसत्त्व अंगात तयार करणारे उन्हातले यूव्ही-बी किरण साध्या पाच एमएम काचेतच अडतात. काच रंगीत असो, पांढरी असो, फरक नाही. बाल्कनीवर टाकतात ती पॉलिकार्बोनेट शीटही तशीच. म्हणजे बंद खिडकीतल्या सशाला फायदा शून्य आणि ताप मात्र पूर्ण, कारण काचेमागे उष्णता कोंडते. काच सरकवा आणि जाळी राहू द्या. मच्छरदाणीची बारीक जाळी काही किरण खाते, बाकीचे आत येतात. वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्ड केलेली चौकोनी जाळी, तर जवळजवळ काहीच अडवत नाही.

दुसरी समजूत कोवळ्या उन्हाची. सकाळी सातचं ऊन अंगाला गोड लागतं, पण सूर्य इतका खाली असतो की हे किरण वातावरणातच गळून जातात. ओळखायची सोपी खूण म्हणजे आपली सावली. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की ऊन कामाचं. नाशकात डिसेंबरच्या शेवटी सावली जेमतेम आपल्याएवढी होते, तीही साडेबाराच्या आसपास. एप्रिलच्या अखेरीस तीच सकाळी साडेनऊलाच आपल्याएवढी झालेली असते.

आता खरी अडचण. सशाला बरं वाटतं ते १५ ते २० अंशांत. तापमान तिशीकडे गेलं की त्याच्या जिवाला धोका सुरू होतो. त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, उष्णता बाहेर टाकायची ती मुख्यतः कानांतून. म्हणजे ज्या वेळी ऊन कामाचं, त्याच वेळी ते घातकही असू शकतं. त्यामुळे एकच वेळापत्रक वर्षभर चालत नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपले चांगले महिने. निफाडला पारा एक आकड्यावर येतो तेव्हा शहरातली दुपारही सशाला मानवते. अकरा ते दोनच्या मधे, पारा तिशीच्या बराच खाली असेल तेव्हा बाहेर काढा. दक्षिणेची बाल्कनी असेल तर उत्तमच, हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि ऊन पार आतपर्यंत येतं. तीच बाल्कनी मे महिन्यात छज्ज्याच्या सावलीत जाते, आणि मेच्या शेवटापासून जुलैपर्यंत दुपारचा सूर्य उलट उत्तरेकडे असतो. बिल्डरने दिशा आपल्याला विचारून दिलेली नसते, पण निदान होकायंत्र लावून बघा.

मार्च ते मे मात्र थेट ऊन विसरा. पारा चाळिशीला टेकतो तेव्हा हौस दाखवायची नाही. इथे एक गोष्ट कामाला येते: यूव्ही-बी किरण आकाशात चांगलेच विखुरतात, त्यामुळे वर मोकळं आकाश दिसत असेल तर सावलीतही त्यातले बरेच पोचतात. सकाळी आठ-साडेआठला इमारतीच्या सावलीत, वर स्लॅब नाही अशा जागी बसवा; सूर्य खाली असल्याने किरण कमी मिळतात, पण उकाडा चढलेला नसतो. खाली शहाबादी फरशीचा तुकडा, बाजूला मातीच्या भांड्यात पाणी. गच्चीच्या कोब्यावर आधी आपल्या हाताची पालथी बाजू टेकवून बघा. आपल्याला चटका बसला तर त्यालाही बसणारच.

बाहेर काढायचं तर पिंजरा नीट हवा. चार फूट बाय अडीच फूट, दोन फूट उंच, पाऊण इंची चौकोनी पाइपची फ्रेम आणि इंच बाय इंच वेल्डमेश. कोंबड्यांची षटकोनी जाळी घेऊ नका, ती ससा कुरतडतो आणि कुत्रं फाडतं. तारेची कापलेली टोकं कानशीने घासून घ्या. तळाला जाळी नको, पाय सोलतात. वरून बंद हवाच: नाशकात घारी आणि कावळे कमी नाहीत, सोसायटीतली मांजरं तर गच्चीची मालक असतात. छताचा अर्धा भाग प्लायवूडने झाका. पत्र्याने झाकाल तर खाली भट्टी होते.

ही अर्धी सावली सगळ्यात महत्त्वाची. ऊन किती घ्यायचं ते ससा स्वतः ठरवतो, आपण फक्त त्याला पळायला जागा द्यायची. बिब्बी आधी उन्हात पोट टेकून लांब पसरते, मग कान पाठीवर आडवे टाकते, आणि थोड्या वेळाने उठून प्लायखाली जाते, पण मागचे पाय उन्हातच ठेवून. काजूचं वेगळं. त्याचे कान इतके पातळ की उजेडात शिरा मोजाव्यात, आणि लाल डोळ्यांना प्रखर ऊन सहन होत नाही, त्यामुळे तो सावलीच्या कडेला बसतो. पांढऱ्या सशांचे कान भाजतात, तेव्हा त्यांना जास्त सावली द्या. पिंजऱ्यापाशी कोणीतरी हवंच. फोनवर बोलायला आत जाऊ नका. नाकपुड्या भराभर हलायला लागल्या, तोंड उघडून श्वास घेतला, लाळ आली, की लगेच सावलीत नेऊन कान साध्या पाण्याने ओले करा आणि डॉक्टर गाठा. बर्फाचं पाणी नको.

पावसाळ्यात आठवडा आठवडा सूर्य दिसत नाही. उघडीप मिळाली तर बाहेर काढा, पण ओल्या जागी नाही. सशाचा मागचा भाग ओला-घाण राहिला की माशा अंडी घालतात आणि अळ्या पडतात. मत्स्यालयाच्या दुकानात सरडे-कासवांसाठी यूव्ही-बी ट्यूब मिळते. ती वरून लावायची, मधे काच ठेवायची नाही, आणि सावलीचा कोपरा इथेही लागतोच. ट्यूब दिसायला जळत राहते, पण तिचे किरण वर्षभराच्या आत कमी होतात. साध्या एलईडीचा उपयोग नाही, आणि पाणी शुद्ध करायचा यूव्ही दिवा चुकूनही नको, त्याने डोळे आणि कातडी जळते.

ऊन एकटं पुरत नाही. उन्हात वाळवलेल्या गवतातही ड जीवनसत्त्व असतं, आणि गवत चावून दात झिजतात. सशाचे दात आठवड्याला सुमारे दोन मिलिमीटर वाढतात. दुधाच्या जनावरांसाठी पेंड्यांनी विकतात तो घास, म्हणजे लसूणघास, मोठ्या सशाचं रोजचं खाणं नव्हे. त्यात कॅल्शियम फार. सशाचं आतडं ते ड जीवनसत्त्वाशिवायही शोषून घेतं आणि जास्तीचं लघवीतून टाकतं, मग लघवी घट्ट पांढरी येते. उलट नुसत्या दाण्यांवर ठेवलेल्या सशाला कॅल्शियम कमी पडतं, तेव्हा ड ची खरी गरज लागते. दिंडोरी-पिंपळगावकडून गवत आणणार असाल तर द्राक्षबागेच्या बांधावरचं आणू नका, फवारे उडालेले असतात.

घरात माणसांसाठी आणलेलं ६०,००० युनिटचं ड चं पाकीट असतं ना, ते सशाला चिमूटभरही देऊ नका. उन्हाने ड जास्त होत नाही, औषधाने होतं, आणि मग रक्तवाहिन्यांत, मूत्रपिंडात कॅल्शियम साचतं. हनुवटी ओली राहणं, खाता खाता घास सोडणं, खालच्या जबड्याच्या कडेला हाताला गाठी लागणं, ही दातांच्या दुखण्याची लक्षणं; यांतलं काही दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका. मागचे दात बाहेरून दिसतच नाहीत, एक्स-रे लागतो. आणि जाण्याआधी फोन करून विचारा, "ससे बघता का?" बरेच डॉक्टर फक्त कुत्री-मांजरं बघतात.