बोळा लावला का, मामा?

तापीवरच्या हतनूर धरणाच्या पाण्यातली आमची पहिली शर्यत. शिडाच्या तीनच बोटी, त्यातली एक आमची, पुण्याहून टेम्पोत घालून आणलेली जुनी एंटरप्राइज. पहिल्या वळणाला आम्ही पुढे होतो. दुसऱ्या वळणापर्यंत बोट गाभण म्हशीसारखी जड झाली. हवाबंद टाकीच्या भोकाला बोळा लावायचाच राहिला होता. काठावर आलो ते वल्हं मारत. अमळनेरचा माझा भाचा तेव्हापासून बोट पाण्यात ढकलण्याआधी एकच प्रश्न विचारतो.

म्हणून नव्या पोरांनी डावपेच विचारले की मी आधी त्यांच्या बोटीखाली वाकून बघतो. गावच्या शर्यतीत तीन-चार बोटी असतात. त्यातली एखादी मोडते, एखादी उलटते. जी धड राहते तिचा नंबर येतोच.

एंटरप्राइज ही जॅक होल्ट यांनी १९५६ मध्ये आखलेली, जेमतेम ४ मीटर लांबीची, निळ्या शिडांची दोन माणसांची बोट. एनसीसीच्या नौदल शाखेतल्या पोरांना ती ओळखीची असते. आपल्याकडे तिचे शत्रू दोन, ऊन आणि गाळ. दोऱ्या उन्हात वाळून काथ्यासारख्या होतात. हातात घेऊन वाकवा, करकरली तर बदला. शीड काठावर फडफडत ठेवू नका, गुंडाळून सावलीत ठेवा. तापीचा गाळ बोटीच्या तळातून पाण्यात सोडायच्या मधल्या पात्याच्या खाचेत बसतो आणि ऐन वेळी पातं वर-खाली होत नाही, तेव्हा आदल्या दिवशी खाच धुवा. सुकाणूची खिटी तपासा, नाहीतर बोट उलटल्यावर सुकाणू वेगळंच तरंगत निघतं. डोलकाठीच्या तारांना जुन्या कॅसेटची टेप बांधा. वारा कुठून येतो हे तिच्याइतकं स्वस्तात कोणी सांगत नाही.

आता माणसं. शीट म्हणजे कागद नव्हे, शिडाची दोरी, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका. सुकाणूवाल्याने बोट चालवायची, पुढच्याने पाणी वाचायचं. पाण्यावर काळपट सुरकुती धावत आली की भाचा ओरडतो, “वारा उना!”, म्हणजे वारा आला, आणि आम्ही दोघं बोटीच्या कडेवरून बाहेर रेलतो. शब्द आधी ठरवा, चार पुरेत; बोटीत लांब वाक्य बोलायला वेळ नसतो. हिवाळ्यात वारा मंद असतो, तेव्हा भाच्याला पुढे आणि वाऱ्याखालच्या बाजूला बसवतो. बोट जरा कलली की शीड आपोआप फुगतं.

बोट मुद्दाम उलटवा. दहा वेळा. दोऱ्या मोकळ्या सोडायच्या, एकाने पात्यावर उभं राहून वजन टाकायचं, दुसऱ्याने आत आडवं तरंगायचं. बोट उभी होताना त्याला आपसूक उचलून घेते. लाइफ जॅकेट घालून, अर्थातच. पट्टीचा पोहणाराही.

नियमांचं पुस्तक जाड आहे, सुरुवातीला दोन पुरतात. वारा उजव्या कुशीवर घेतलेल्या बोटीला डाव्या कुशीवालीने वाट द्यायची. दोघींची कूस एकच असेल आणि त्या शेजारी-शेजारी असतील, तर वाऱ्याकडची बोट बाजूला राहते. खुणेच्या पिंपाला धक्का लागला तर एक गिरकी घ्यायची, हुज्जत नको. सुरुवातीचे इशारे ५, ४ आणि १ मिनिट आधी होतात. घड्याळ भाच्याच्या हातात असतं, कारण माझं लक्ष शेजारच्या बोटीवर.

जलसंपदा खात्याची परवानगी काढल्याशिवाय बोट उतरवायची नाही. पावसाळ्यात तर नाहीच. हतनूरला ४१ दरवाजे आहेत, आणि ते उघडले की पाणी कुणाचं ऐकत नाही. मे-जूनमध्ये दुपारी सातपुड्यावर ढग जमले की आम्ही शर्यत अर्ध्यात सोडून शीड उतरवतो. रावेरकडच्या केळीबागा एका फटक्यात आडव्या करणारं वादळ ते. मागच्या वेळी आम्ही बोट काठावर ओढून तिच्याखाली तासभर बसलो होतो, डब्यातली कळण्याची भाकरी खात, आणि भाचा बोळा हातात घेऊन वारा मोजत होता.