मेटल डिटेक्टर घेऊन किनाऱ्यावर किंवा गडावर जाताय? या चुका टाळा

"मेटल डिटेक्टर मागवलाय, कुठे फिरवू?" हा प्रश्न हल्ली मला ओळखीतून वरचेवर येतो. विचारणारे बहुतेक तरुण असतात. त्यांना ट्रेकिंगची आवड असते, इतिहासाबद्दल प्रेम असतं. म्हणूनच काही गोष्टी स्पष्ट सांगाव्याशा वाटतात.

इंग्लंडचे व्हिडिओ बघून इथले नियम ठरवू नका

शेतातून सोन्याचं नाणं वर येतं, शोधणारा आनंदाने ओरडतो, असे व्हिडिओ बहुतेक इंग्लंडमधले असतात. तिथे जमीनमालकाची परवानगी लागते. संरक्षित स्थळावर परवान्याशिवाय यंत्र नुसतं फिरवणंही गुन्हा आहे. लंडनमध्ये थेम्सच्या काठावर शोध घ्यायलाही परवाना लागतो. १९९६ च्या कायद्याप्रमाणे 'खजिना' ठरू शकेल अशी वस्तू सापडली, तर १४ दिवसांत कळवावं लागतं. यातलं काहीच व्हिडिओत दिसत नाही. आपल्याकडचे कायदे तर वेगळेच आहेत.

गडावर यंत्र नेऊच नका

सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. एका गडाच्या माचीवर पावसाळ्यानंतर मी सात-आठ ताजे खड्डे पाहिले. प्रत्येक खड्डा वीतभर रुंद होता आणि शेजारी मातीचा ढीग होता. ढिगात खापराचे तुकडे, जळक्या लाकडाचे कण आणि एक हाड होतं. खणणाऱ्याला फक्त धातू हवा होता, त्यामुळे बाकी सगळं त्याने फेकून दिलं होतं. ते खापर, तो कोळसा आणि ते नाणं एकाच थरात होतं, एवढ्यावरून अभ्यासकाला तिथे कोण, कधी राहत होतं ते कळलं असतं. एकदा थर विस्कटला की तो कोणालाच परत लावता येत नाही.

कायदाही कडक आहे. केंद्राने संरक्षित केलेल्या क्षेत्रात परवानगीशिवाय उत्खनन करायला १९५८ च्या कायद्याने मनाई आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी झाली. राज्य संरक्षित स्मारकांसाठी महाराष्ट्राचा वेगळा कायदा आहे. 'हा गड कुठल्याच यादीत नाही, मग काय हरकत?' असंही विचारतात. यादीत नसलेल्या गडावरही मातीत सापडलेल्या ठेव्याला १८७८ चा 'ट्रेझर ट्रोव्ह' म्हणजे गुप्तधनाचा कायदा लागू होतोच. त्याबद्दल पुढे सांगतो.

समुद्रात असला तरी गड तो गडच. खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी आहेत. ओहोटीला तटाखालची वाळू उघडी पडते, म्हणून ती मोकळी जागा होत नाही.

नाणं चिंचेने घासू नका

पावसाने माती वाहून गेली की शिवराई कधी आपोआप पायवाटेवर येते. तांब्याचं जाडसर नाणं असतं. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति'. माझ्या एका मित्राला असं नाणं मिळालं. घरी नेऊन त्याने ते चिंच-मिठाने देवाच्या तांब्यासारखं लख्ख घासलं. वरचा हिरवा-काळपट थर गेला आणि त्याच्याबरोबर अक्षरांच्या बारीक कडाही गेल्या. आता तिथे 'श्री' होतं हे अंदाजाने ओळखावं लागतं. तो थर म्हणजे मळ नव्हे, तांब्याने शतकानुशतकं स्वतःवर चढवलेलं कवच आहे. असं नाणं दिसलं तर जागेवरच फोटो काढा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा.

किनारा सगळ्यांचा, म्हणून खणायला मोकळा असं समजू नका

भरतीरेषेखालचा समुद्रतळ महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे राज्य सरकारच्या मालकीचा आहे. निघण्याआधी ग्रामपंचायतीला आणि जवळच्या पोलिस ठाण्याला सांगा. १९९३ मध्ये शेखाडीच्या किनाऱ्यावर स्फोटकं उतरली होती आणि २०२२ मध्ये हरिहरेश्वरला रायफली असलेली बोट लागली होती. रात्री पुळणीवर बॅटरी घेऊन वाळू उकरणारा अनोळखी माणूस दिसला, तर गावकरी पोलिसांना फोन करणारच आणि ते बरोबरच आहे. म्हणून दिवसाच जा.

याहून मोठी गोष्ट कासवांची. वेळास, आंजर्ले आणि गोव्यातलं मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये अंडी घालायला येतात. घरटं भरतीरेषेच्या वर, कोरड्या वाळूत, दीड-एक फूट खोल असतं. हरवलेले दागिने शोधणारेही नेमकी तीच कोरडी वाळू उकरतात. अंड्याला यंत्र आवाज देत नाही, पण फावडं त्याला फोडतं. या महिन्यांत अशा किनाऱ्यांवर जाऊच नका.

सार्वजनिक बागेचं थोडक्यात सांगतो. उद्यान विभागाची लेखी परवानगी नसेल तर खणू नका, कारण हिरवळीखाली पाण्याच्या नळ्या आणि विजेच्या केबल असतात. राष्ट्रीय उद्यानात तर विचारही नको.

यंत्र सारखं किरकिरतंय? आधी खणू नका

परवानगी मिळाली, पुळणीवर पोचलात आणि यंत्र थांबायलाच तयार नाही. नवखा माणूस प्रत्येक आवाजाला खड्डा घेतो. कारण बहुतेकदा पुढच्यांपैकी एक असतं.

ओली खारी वाळू वीज वाहते, त्यामुळे एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणाऱ्या साध्या यंत्राला ती धातूसारखी भासते. संवेदनशीलता कमी करा. ओल्या वाळूवरच कॉइल, म्हणजे यंत्राची खालची गोल तबकडी, वरखाली करून ग्राउंड बॅलन्स पुन्हा लावा, म्हणजे यंत्र जमिनीचा स्वतःचा आवाज वगळेल. तरीही जमलं नाही तर कोरड्या वाळूत या. पाण्याच्या रेषेवर काम करायला बहुफ्रिक्वेन्सी (एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारं) किंवा पल्स इंडक्शन (विजेचे छोटे झटके सोडून धातू ओळखणारं) यंत्रच लागतं.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळी वाळू असते, तिच्यात इल्मेनाइट हे लोहयुक्त खनिज असतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत लोहचुंबक घालून वाळूवरून फिरवा. काळे कण चिकटले तर आवाज वाळूचा असू शकतो. जांभ्यातही लोह भरपूर असतं. एका दिशेने आवाज येतो आणि नव्वद अंशांत वळून फिरवल्यावर येत नाही, असं झालं तर बहुधा गंजलेला खिळा असतो. खिशातला मोबाइल आणि बुटातलं लोखंडही तपासा.

सापडलेली अंगठी आपली होत नाही

पुळणीवर सापडतं ते बहुतेक कालपरवाचं हरवलेलं असतं. एकदा आमच्या मुक्कामाच्या घरातल्या काकूंनी सांगितलं, आदल्या संध्याकाळी एका पाहुणीची मंगळसूत्राची वाटी पडली. ती बसली होती ती जागा तिला आठवत होती. तिथे काठीने हातभर अंतरावर रेघा ओढल्या आणि एकेक पट्टा पुरा केला. तिसऱ्या पट्ट्यात, चार बोटं खाली, वाटी मिळाली. या यंत्राचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

किमती अंगठी सापडली आणि मालकाचा शोध न घेता लगेच विकली तर तो गुन्हा आहे. अंगठीचं हे उदाहरण १८६० च्या दंडसंहितेतच दिलेलं होतं. आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली किमान सहा महिने ते दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. आजूबाजूच्या हॉटेलांत आणि घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी विचारा, पोलिस ठाण्यात नोंद करा. मालकाने बक्षीस जाहीर केलेलं असेल तर ते मागायचा हक्क १८७२ च्या करार कायद्याने तुम्हाला दिला आहे.

जुना ठेवा सापडला तर गप्प बसू नका

जमिनीत लपवलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. ही दहा रुपयांची मर्यादा १८७८ च्या कायद्यातली आहे. कळवलं नाही तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, शिवाय तुमचा वाटा सरकारजमा होतो. कळवलं, तर त्याच कायद्यात शोधणाऱ्याच्या वाट्याचीही तरतूद आहे. आणि शंभर वर्षांहून जुनं नाणं परदेशातल्या नातेवाइकाला भेट म्हणून पाठवता येत नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने ती निर्यात ठरते.

अर्जात वस्तू काय आहे, किती आहे किंवा अंदाजे किती किमतीची आहे, कुठे सापडली आणि कोणत्या तारखेला सापडली एवढं लिहा. सोबत जागेचा फोटो जोडा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.