मुलांना पैशांचे व्यवहार शिकवताना या चुका टाळा

बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी नाशिकच्या गंगापूर रोडवरील एका अभ्यासिकेत महाविद्यालयीन मुलांना पैशांचे व्यवहार शिकवतो. त्यात चुका मुलांच्या कमी आणि पालकांच्या अधिक दिसतात. "दोन तासांत सगळे सांगून टाका" असे सांगणारे पालक आले की माझा उत्साह निम्मा होतो.

सर्वांत जुनाट चूक म्हणजे मुलगा मागेल तेव्हा पैसे पाठवणे. माझा भाचा सिन्नरहून इंजिनिअरिंगसाठी नाशिकला आला, तेव्हा खोलीभाडे आणि मेस वगळून त्याला दरमहा चार हजार रुपये मिळत. अठरा तारखेला त्याचा फोन जाई आणि दाजी दुकानात गिऱ्हाईक उभे असतानाच मोबाइलवरून हजार-दीड हजार पाठवून मोकळे होत. मी अट घातली, की रक्कम एक तारखेला एकदाच द्यायची. त्या महिन्यात बावीस तारखेला त्याच्याकडे चाळीस रुपये उरले. तो माझ्याकडे आला आणि गेल्या तीन आठवड्यांत मिसळ, पेट्रोल आणि मित्रांचे वाढदिवस यांवर किती गेले ते आठवून आठवून कागदावर लिहू लागला. तो हिशेब पुरा होण्याआधीच त्याचा फोन वाजला. ताईने दाजींना न सांगता हजार रुपये पाठवले होते! कागद तसाच राहिला. पैसे संपल्यानंतरचे ते आठ दिवस हाच खरा धडा असतो आणि मायेपोटी आपण नेमका तोच बुडवतो.

माझी पद्धत साधी आहे. फी आणि भाडे वेगळे ठेवावे, बाकीची रक्कम ठरल्या तारखेला द्यावी आणि फारच अडले तर पुढच्या महिन्यातून उचल द्यावी, पण ती वहीत लिहून आणि मुलाची सही घेऊन. खर्च आपोआप मांडणारे ॲप मला पसंत नाही, कारण हाताने आकडा लिहिताना जे टोचते ते पडद्यावरच्या रंगीत चकतीने टोचत नाही.

दुसरी चूक पहिली नोकरी लागल्यावर होते. अंबडच्या एका कारखान्यात रुजू झालेला माझा जुना विद्यार्थी क्रेडिट कार्डाचे बिल घेऊन आला. "सर, मी दरमहा न चुकता पैसे भरतो, तरी रक्कम कमी का होत नाही?" तो भरत होता ती केवळ किमान देय रक्कम, म्हणजे दंड टाळण्यापुरता बिलाचा छोटा भाग. थकबाकी चाळीस हजार, व्याज दरमहा साडेतीन टक्के म्हणजे चौदाशे रुपये, त्यावर अठरा टक्के जीएसटीचे दोनशे बावन्न. त्याने भरलेल्या दोन हजारांतून मुद्दल फिटले ते अवघे तीनशे अठ्ठेचाळीस. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. कहर म्हणजे त्याच्या नावावर वर्षाला सात टक्के व्याजाची पन्नास हजारांची मुदत ठेव होती, पण "ठेव मोडायची नसते" हे घरचे वाक्य त्याने पाठ केले होते. मी ती मोडायला लावली. संध्याकाळी त्याच्या वडिलांनी फोनवर मला चांगलेच सुनावले. बचत शिकवणारे पालक व्याजदरांची तुलना शिकवत नाहीत, ही माझी कायमची तक्रार आहे.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. दोन-तीन हजारांच्या आमिषाने आपले बँक खाते दुसऱ्याला वापरू देणारा मुलगा पोलीस चौकशीत सापडतो. पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही, आणि फसवणूक झालीच तर लाजत न बसता लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला बँकेने घातलेल्या मर्यादेत बचत खाते स्वतः चालवता येते, तरीही पालक अठरा वर्षांची वाट पाहतात.

आणि ज्यांना पहिल्याच तासाला ऑप्शन ट्रेडिंग, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावाच्या अंदाजावर केलेले सौदे, शिकायचे असते, त्यांच्यापुढे मी सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेचा 2024 चा अहवाल ठेवतो. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत अशा सौद्यांत (फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये) उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के तोट्यात गेले. एवढे वाचूनही जो "पण सर, माझी पद्धत वेगळी आहे" म्हणतो, त्याला मी आधी मागच्या महिन्याच्या खर्चाची वही आणायला सांगतो. ती आजवर एकानेही आणलेली नाही.