सर्व्हरची रॅम वाढवायची? आधी लेबल वाचा

नागपूरच्या सीताबर्डी बाजारात काउंटरवर नुसतं "डीडीआर४, सोळा जीबी द्या" म्हटलं की डेस्कटॉपची स्टिक हातात पडते. दुकानदाराचा दोष नाही; सर्व्हरवालं गिऱ्हाईक त्याच्याकडे येतंच कितीदा? म्हणून जुन्या स्टिकच्या लेबलचा फोटो काढल्याशिवाय मी बाजारात जात नाही.

मी धरमपेठेतल्या सीएंचे आणि हिंगणा एमआयडीसीतल्या काही कारखान्यांचे सर्व्हर सांभाळतो. सप्टेंबरात टॅक्स ऑडिटची घाई सुरू झाली की फोन येतात, "भाऊ, सर्व्हर लटकून राहिला, रॅम टाकून द्या ना." मी लगेच टाकत नाही. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसच्या सॉफ्टवेअरला मेमरीची मर्यादा घातलेली नसेल तर तो मिळेल तेवढी मेमरी धरून बसतो. टास्क मॅनेजरात ९५ टक्के दिसलं म्हणून खर्च करायची गरज नाही. आधी ती मर्यादा ठरवा, कामाच्या दिवसात पाहा. लिनक्सवर 'फ्री' कमांड चालवली तर 'अव्हेलेबल'चा रकाना वाचा, कारण रिकामी मेमरी लिनक्स फाइल कॅशसाठी वापरून घेतो. स्वॅपमध्ये (रॅम अपुरी पडली की डिस्कवर वापरली जाणारी जागा) सतत ये-जा चालू असेल तर मात्र रॅम हवीच.

आता लेबल. त्यावर साधारण असं छापलेलं असतं: १६ जीबी २आरएक्स४ पीसी४-२४००टी-आर. पीसी४ म्हणजे डीडीआर४, रॅमची चौथी पिढी; २४०० हा वेग, २आर म्हणजे दोन रँक, चिपांचे दोन गट. पण खरी गोम त्या शेवटच्या अक्षरात आहे. आर म्हणजे रजिस्टर्ड (स्टिकवर सिग्नल सांभाळणारी रजिस्टर नावाची वेगळी चिप असते), एल म्हणजे लोड-रिड्यूस्ड (मेमरी कंट्रोलरवरचा भार कमी करणारी), ई म्हणजे ईसीसी (मेमरीतल्या चुका ओळखून दुरुस्त करायची सोय) आहे पण रजिस्टर नाही, आणि यू म्हणजे साधी डेस्कटॉपची. या जाती एकत्र नांदत नाहीत; मिसळल्या तर सर्व्हर सुरूच होत नाही. डेलच्या टी१३० सारख्या लहान टॉवरला ई लागते, रॅकमधल्या आर७३० ला आर किंवा एल. वेग वेगवेगळा असला तर सगळ्या स्टिक सगळ्यात हळू चालणारीच्या वेगाने चालतात. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना असल्या तरी खाच वेगळ्या जागी असते. बसत नसेल तर जोर लावू नका.

किती घ्यायच्या? इंटेलच्या झिऑन ई५-२६०० व्ही४ या सर्व्हर प्रोसेसरांत प्रत्येक प्रोसेसरमागे चार चॅनेल, म्हणजे मेमरीकडे जाणारे चार रस्ते, असतात. ६४ जीबी करायची असेल तर ३२ च्या दोनपेक्षा १६ च्या चार बऱ्या, चारही चॅनेल कामाला लागतात. दुसरा प्रोसेसर बसवलेला नसेल तर त्याच्या बाजूचे स्लॉट चालतच नाहीत. आर७३० मध्ये पांढऱ्या खटक्यांचे स्लॉट आधी भरायचे, मग काळे. बाकी मशिनांचा क्रम झाकणाच्या आतल्या स्टिकरवर सापडतो.

बॅकअप तपासा, सर्व्हर नीट बंद करा आणि पॉवर सप्लाय दोन असतील तर दोन्ही वायरी काढा. नंतर पॉवरचं बटण थोडं दाबून धरा, बोर्डावरचा दिवा विझू द्या. थंडीत स्वेटर घालून हे काम करू नका. नागपूरच्या कोरड्या हवेत स्टॅटिक फार. मनगटाचा पट्टा नसेल तर चेसिसच्या उघड्या धातूला हात लावत राहा. नवतप्यात सर्व्हरच्या खोलीत कूलर लावणारे महाभाग मी पाहिले आहेत. ओलसर हवा आणि खाऱ्या पाण्याची पांढरी पूड, दोन्ही स्लॉटात जाऊन बसतात. तिथे एसीच हवा.

स्टिक कडांना धरा, दोन्ही टोकांना सारखं दाबा. दोन्हीकडचे खटके आपोआप बंद व्हायला हवेत. पंख्यांची हवा वळवणारं प्लास्टिकचं झाकण परत बसवा.

पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन बराच वेळ काळी राहते, कारण बोर्ड नवी मेमरी जुळवून घेत असतो. घाबरून बटण दाबू नका. बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) मेमरीचा एकूण आकडा पाहा आणि रात्रभर मेमटेस्ट हा मेमरी तपासणारा प्रोग्राम लावा. पुढचे काही आठवडे आयड्रॅक (डेलचं) किंवा आयएलओ (एचपीचं) या सर्व्हरवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेच्या लॉगमध्ये दुरुस्त झालेल्या ईसीसी चुका एकाच स्लॉटच्या नावावर येत राहिल्या, तर ती स्टिक शेजारच्या स्टिकशी अदलाबदल करा. चूक स्टिकबरोबर नव्या जागी गेली तर बिल घेऊन दुकानात जा. जुन्याच जागी राहिली तर स्लॉट किंवा प्रोसेसरच्या सॉकेटच्या पिना तपासून घ्या.